ऑनलाइन सातबारा दोन मिनिटांत मिळतो, पण त्यातली चूक दुरुस्त कशी करायची?

बोरीचा बांध

नमस्कार मंडळी,

बाबांना यंदा ठिबक करायचंय, त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदाच कर्ज काढतायत. बँकेने सातबारा मागितला. मी इथे शहरात बसून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढला. पंधरा रुपये ऑनलाइन भरले आणि दोन मिनिटांत पीडीएफ फोनवर. मला खरंच भरून आलं. लहान असताना एका उताऱ्यासाठी बाबा तीन-तीन दिवस सायकल मारायचे आणि "आज तलाठी भाऊसाहेब नाहीत, मीटिंगला गेलेत" ऐकून परत यायचे, ते मी पाहिलंय.

उतारा बाबांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन. "अगं, आपलं रान एवढंच कसं?"

क्षेत्राच्या रकान्यात ०.१८.०० लिहिलंय. आमचं रान दोन एकर, म्हणजे ०.८१ हेक्टर. आजोबांच्या ट्रंकेत हस्तलिखित उतारा आहे, जांभळ्या शिक्क्याचा. त्यात ०.८१ इतकं स्वच्छ लिहिलंय की लांबूनही वाचता यावं. संगणकावर चढवताना कुणाकडून तरी आठ आणि एकची अदलाबदल झाली आणि दोन एकराचे अठरा गुंठे झाले. उताऱ्याची कधी गरजच पडली नाही, त्यामुळे इतकी वर्षं कुणी बघितलंही नाही.

बाबा गावात दोनदा जाऊन आले. एकदा "तालुक्याला अर्ज द्या", एकदा "आता सगळं ऑनलाइन आहे, आमच्या हातात काही नाही".

कुणी अशी दुरुस्ती करून घेतली असेल तर रस्ता सांगा. आणि एक मोठा प्रश्न आहे. उतारा मिळणं सोपं झालं हे मनापासून मान्य. पण उतारा खरा असणं सोपं झालंय का? तुमचे अनुभव लिहा.

पाणंद

आमच्याकडे क्षेत्र बरोबर आहे, पण आज्याचं नाव चुकलं होतं. पांडुरंगचं पाडुरंग. एक अनुस्वार आणायला दीड वर्ष लागलं.

कोरडवाहू

ताई, आधी चांगलं ते लिहितो, नाहीतर धागा नुसता तक्रारींचा व्हायचा.

ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्याआधी पिकाची नोंद कशी व्हायची ते सगळ्यांना माहितीये. रानात सोयाबीन आणि बारा नंबरला (पिकांच्या नोंदवहीत) ज्वारी. आता मी माझ्या बांधावर उभा राहून फोटो काढतो, पीक भरतो. नोंद माझी, जबाबदारी माझी. गारपीट झाली तेव्हा पंचनाम्याला पीक कोणतं यावरून वाद झाला नाही.

अडचण एकच. आमच्या शिवारात रेंज नाही. फोटो रानात काढायचा आणि पिंपळाच्या पारावर येऊन अपलोड करायचा. पाहणीच्या दिवसांत संध्याकाळी पारावर एवढी गर्दी असते की चहावाला वाट बघत असतो त्या आठवड्याची. :)

जुनी चावडी

बोरीचा बांध ताई, मी तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माझ्या तोंडी जुनंच बसलंय.) तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५५. लेखनप्रमादाची दुरुस्ती. तुमचं प्रकरण अगदी याच कलमातलं आहे. अर्ज तहसीलदारांच्या नावे. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो, संगणकीकृत उताऱ्यातली चूक दुरुस्त करण्याचा पर्याय तिथे आहे.

मात्र घरातली झेरॉक्स जोडून अर्ज देऊ नका, परत येईल. हे कागद गोळा करा:

हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल, तहसीलच्या अभिलेख कक्षातून. ज्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) जमीन वडिलांच्या नावे आली त्या फेरफाराची नक्कल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भूमी अभिलेख कार्यालयातून गटाच्या आकारबंदाचा उतारा. क्षेत्राचं मूळ तिथे आहे. सातबारा आकारबंदावरून लिहिलेला असतो, तेव्हा आकारबंद दाखवला की कुणाला हुज्जत घालायला जागा राहत नाही.

अजून एक बघा. उताऱ्यावर क्षेत्राखाली 'आकार' (जमिनीचा सारा) लिहिलेला असतो, रुपये-पैशांत. शेजारच्या तशाच प्रतीच्या जमिनीच्या गटाशी ताळा करा. आकार दोन एकराचा आणि क्षेत्र अठरा गुंठ्यांचं निघालं, तर चूक तिथेच उघडी पडते. आम्ही नवीन असताना जुने सर्कल (मंडळ अधिकारी) आम्हाला असंच तपासायला शिकवायचे.

कळफलक

काका, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करतोय. अशा चुका जिथे झाल्या तिथे मी होतो.

कॉलेज संपल्यावर काही महिने एका तालुक्याला सातबारे टंकायचं काम केलं. गठ्ठा यायचा, फडक्यात बांधलेला. घडीवर कागद झिजलेला, आणि नेमका क्षेत्राचा आकडा घडीत. काहींच्या हाताचा एक आणि नऊ सारखाच. पाच आणि सहा तर शपथेवर सांगता येत नसत. रखमाबाई एका पानावर, रखुमाबाई दुसऱ्यावर. बाई एकच. शेजारी विचारायला कुणी नाही, त्या गावचे तलाठी त्या गावात.

बोरीचा बांध, तुमची चूक तपासणीतून का निसटली तेही सांगतो. नंतर तपासणीचे अहवाल आले. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नसेल तर संगणक लाल खूण करायचा. हजारो चुका त्यातून पकडल्या गेल्या. पण तुमच्या गटात खातेदार एकच. एकूण ०.१८, बाबांच्या नावावर ०.१८. बेरीज जुळली. संगणकाला दोन आकडे जुळतात का तेवढंच कळतं, रान केवढं आहे ते कळत नाही. रान माहीत असणाऱ्या माणसाला प्रत्येक उतारा दाखवायला हवा होता. चावडी वाचन, म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवणं, झालं काही ठिकाणी. जिथे खरंच वाचलं गेलं तिथले उतारे आजही स्वच्छ आहेत.

माझ्या हातून किती झाल्या असतील, हा विचार अजून मनात येतो.

पाणंद

कळफलक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या अनुस्वाराचा राग आज उतरला.

सरळरेघ

मला एक कळत नाही, एवढं सगळं कशाला? सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवर टाका, मधली माणसं काढून टाका. कुणाला खाडाखोड करताच येणार नाही.

जुनी चावडी

सरळरेघ, खाडाखोड करता येऊ नये हे बरोबरच. पण ताईंचे ०.१८ तुमच्या त्या साखळीत गेले की कायमचे ०.१८. आधी आकडा खरा करायला लागेल, कुलूप नंतर.

आणि माणसं काढायचं म्हणता, तर वारस कोण हे यंत्राला कोण सांगणार? मयताला दोन बायका होत्या का, मुलगी परगावी दिलीय का, हे गावात जाऊन विचारावं लागतं. वाईट माणसं या कामात आहेत, मी पाहिलीत. म्हणून विचारायचं कामच रद्द होत नाही.

सरळरेघ

मान्य, आधी आकडा. पण काका, विचारायला जातं कोण? सगळेच तुमच्यासारखे नसतात.

माहेरवाट

विचारायला कुणी जात नाही, हेच सांगायला मी आले.

वडील गेले. आम्ही दोन बहिणी, दोन भाऊ. भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला, त्यात आमची नावंच नाहीत. गावच्या कार्यालयातून कुणी विचारलं नाही. फेरफार धरला, नोटीस चावडीवर लागली, पंधरा दिवस हरकतीचे गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला. सगळं नियमाप्रमाणे. मी अडीचशे किलोमीटरवर, माझ्या सासरी. चावडीवरचा कागद मला कसा दिसावा?

मला कळलं कसं? आठवीतल्या मुलीला शाळेत प्रकल्प होता, 'आपल्या गावाचे भूमी अभिलेख'. तिने आजोबांचा गट नंबर टाकला. म्हणाली, "आई, यात मामांचीच नावं आहेत, तुझं कुठाय?"

मला जमीन विकून पैसे घ्यायचे नव्हते. मागितलं असतं तर हक्कसोड पत्रही करून दिलं असतं. पण मला न विचारता मला वारसांतून काढलं, ते लागलं. अपील केलं. मुदत साठ दिवसांची, ती कधीच उलटलेली, म्हणून विलंब माफीचा अर्जही केला. नावं लागली. भाऊ दोन दिवाळ्या बोलले नाहीत, आता बोलतात.

म्हणून ऑनलाइनला नावं ठेवणाऱ्यांना मी सांगते, त्या वेबसाइटने मला माझ्या वडिलांची मुलगी म्हणून उभं केलं. पण आधी, फेरफार धरला तेव्हाच, कळायला हवं होतं.

शब्दवेल

ताई, डोळ्यांत पाणी आलं. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

सूची दोन

वकिली करते, म्हणून थोडं कायद्याचं. माहेरवाट यांच्या प्रकरणात नेमकं भोक कुठे आहे ते बघा. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० खाली नोटीस चावडीवर लावायची आणि अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना पाठवायची. मुलींचं नाव अभिलेखावर आलेलंच नसतं. मग त्यांचा हितसंबंध दिसणार कुठून? ज्याला सांगायची सर्वात जास्त गरज, नेमका तोच यादीबाहेर राहतो.

दुसरं, सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, असा सर्रास समज आहे. तसं नाही. कलम १५७ म्हणतं, नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. महसुली नोंदीने मालकी हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. खरेदीखताची नोंदणीही (नोंदणी अधिनियम १९०८) दस्ताची असते, विकणाऱ्याच्या मालकीची हमी सरकार देत नाही. उलट पद्धत १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणली. तिथे नोंदवहीतलं नाव हाच हक्क, आणि नोंदवहीच्या चुकीने नुकसान झालं तर भरपाई. आपल्याकडे तशी हमी द्यायची चर्चा खूप वर्षं आहे. पण ज्या नोंदवहीत दोन एकराचे अठरा गुंठे होतात तिची हमी कोण घेईल?

चांगल्या बाजूलाही बरंच आहे. दस्त नोंदला की त्याची माहिती आय-सरिता या दस्त नोंदणीच्या प्रणालीमधून थेट ई-फेरफार प्रणालीला जाते, फेरफारासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. ई-सर्चवर सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) घरबसल्या बघता येते. पूर्वी जुन्या नोंदींच्या शोधासाठी माझे कारकून दिवसच्या दिवस नोंदणी कार्यालयात बसायचे, धूळ खाऊन खोकत यायचे.

रोव्हरवाला

मोजणीचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. भूकरमापक आहे.

सातबाऱ्यावरचा आकडा आणि जमिनीवरचा बांध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी मोजणी शंकू साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, म्हणजे आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. उन्हात लोखंड ओढत, काटेरी झुडपांतून त्या लोकांनी केलेलं काम इतकं चोख आहे की मी रोव्हर (उपग्रहाच्या आधाराने जागा दाखवणारं मोजणी यंत्र) लावतो आणि हद्दीचा दगड सापडतो तेव्हा मनोमन नमस्कार करतो.

आता उपग्रहाचे संकेत, कॉर्स म्हणजे कायम एका जागी असलेल्या संदर्भ स्थानकांचा आधार, काही सेंटिमीटरची अचूकता. काम पटकन होतं. पण अचूक यंत्राने भांडण मिटतं असं समजू नका. गेल्या हंगामात एका बांधावर उभा होतो. रोव्हरने हद्द दाखवली ती विद्यमान बांधापासून चार हात आत. तिथे एका घरच्या आजीने लावलेलं लिंबाचं झाड. आजी झाडाला धरून उभी. म्हणाली, "तुझ्या काठीला काय ठाऊक, हे कोणी लावलं?" शेजारी तरुण पोरगा, तोही बरोबर, त्याचा नकाशा त्याच्या बाजूने. मी खुणा केल्या, दोघांना नीट समजावलं, झाड राहू द्या म्हणालो. ऐकलं त्यांनी.

मुद्दा असा, नकाशा आणि सातबारा जोडल्याशिवाय हे काम अर्धंच आहे. पोटहिश्शांचे नकाशेच नाहीत कित्येक ठिकाणी. सातबाऱ्यावर चार भाऊ, नकाशात एकच गट. ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली (स्वामित्व योजना, २०२०), लोकांना घरांच्या मिळकत पत्रिका मिळाल्या, फार चांगलं झालं. शेताच्या हिश्शांचं तसंच व्हायला पाहिजे.

इतिहासवेडा

रोव्हरवाले, जोड देतो. इंग्रजी अमदानीत पुणे भागात प्रिंगल यांनी १८२०च्या दशकाच्या अखेरीस पाहणी केली. मोजणी सदोष, आकारणी अवाच्या सवा, ती योजना कोसळली. मग १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तेव्हाही पहिल्यांदा घाईत चुकीचं मोजलं आणि मग सगळं परत करावं लागलं.

लाल माती

कोकणात या. एका सातबाऱ्यावर साठ नावं, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. उतारा छापला की पानंच्या पानं. :) २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम आली, मयतांच्या जागी वारस लावायची. आमच्या वाडीत त्या निमित्ताने चुलत-मावस मंडळी पहिल्यांदा एका व्हॉट्सअ‍ॅप गटात आली. वंशावळ लिहिताना तीन पिढ्यांचे फोटो निघाले. ते वेगळंच समाधान.

सीमेपलीकडे

आम्ही सीमाभागातले. शेती कर्नाटकात, बोलणं मराठीत. तिथे जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणारा भूमी प्रकल्प २००० च्या सुमारासच आला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच निकाली काढायचे, मधल्याला उचलता येत नाही. ज्याची ओळख नाही त्यालाही आपला नंबर कधी ते कळतं.

सूची दोन

सीमेपलीकडे, शेजारचंच दुसरं उदाहरण उलटं आहे. तेलंगणात ऑक्टोबर २०२० मध्ये जमिनीच्या नोंदींचं धरणी पोर्टल आलं. नोंदणी आणि फेरफार एकाच दिवशी, एकाच टेबलावर. वेग जबरदस्त. पण नोंद चुकली असेल तर दाद मागायची महसुली अपिलाची वाटच त्या कायद्यात ठेवली नव्हती. लोकांना थेट दिवाणी न्यायालय. तक्रारी इतक्या वाढल्या की २०२५ मध्ये भू भारती कायदा आणून अपिलाची तरतूद करावी लागली.

माझं ठाम मत, आपल्याकडे दोन गोष्टी आधी व्हाव्यात. एक, माझ्या गटावर कुठलाही फेरफार धरला गेला की मला आणि वंशावळीत येणाऱ्या प्रत्येकाला एसएमएस. मुलींचा मोबाइल नंबर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात सक्तीचा करा. दोन, दुरुस्तीच्या अर्जालाही मुदत आणि क्रम. उतारा देण्याची घाई दुरुस्तीलाही दिसू दे.

माहेरवाट

हे झालं तर मी पेढे वाटीन.

जुनी चावडी

एसएमएस येईल तेव्हा येईल. आज हाताशी आहे ते सांगतो. 'आपली चावडी' म्हणून डिजिटल नोटीस फलक आहे. गाव निवडलं की प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात, हरकतीच्या शेवटच्या तारखेसह. फुकट आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांनी महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा. हरकत आली की फेरफार तंट्याच्या नोंदवहीत जातो आणि सुनावणी झाल्याशिवाय मंजूर होत नाही.

शब्दवेल

आत्ताच उघडून बघितलं. आमच्या गावच्या चार नोटिसा आहेत, त्यातली एक आमच्या शेजारच्या गटाची! काकूंना कळवते.

बोरीचा बांध

तीन आठवड्यांनी परत आले, कारण सांगण्यासारखं आहे.

जुनी चावडी काकांनी लिहिलेले तिन्ही कागद मिळाले. आकारबंदात ०.८१, काही शंकाच नाही. आकारही तोच, अठरा गुंठ्यांना बसणारच नाही असा. कलम १५५ चा अर्ज ऑनलाइन दिला, क्रमांक मिळाला, आणि त्याच क्रमांकाने बाबा तहसीलला जाऊन भेटले. तिथल्या एका बाईंनी आकारबंद बघून "हे तर सरळ आहे" म्हणत अहवाल मागवला. बाबा म्हणाले, "खुर्चीवर बसवून बोलली गं." त्यांना त्याचंच जास्त अप्रूप. आदेश अजून निघायचाय, पण प्रकरण हललंय. कळफलक, तुम्ही लिहिलंत म्हणून मला चूक कुठे झाली ते कळलं, मनात काही ठेवू नका.

दुसरी गोष्ट. प्रमाणित नक्कल हातात आल्यावर मी ती पहिल्यांदा नीट, सगळी वाचली. बाबांच्या नावापुढे बारीक अक्षरात तीन अक्षरं आहेत. ए.कु.मॅ.

जुनी चावडी

एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन वडिलांच्या एकट्याची नाही, ताई. आजोबांच्या पश्चात थोरला म्हणून त्यांचं नाव कारभारी म्हणून लागलं. बाकीच्यांचे हक्क त्या तीन अक्षरांत आहेत. संगणकीकृत उताऱ्यावर तो शेरा आलाय का बघा.

बोरीचा बांध

नाही आला, काका. तिथे फक्त बाबांचं नाव आहे.

माझे एक काका आहेत आणि दोन आत्या. धाकट्या आत्या माहेरवाट यांच्याएवढ्याच लांब राहतात. बाबांना विचारलं तर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "कुणी कधी मागितलं नाही आणि मी कधी काढलं नाही. पण कागद खरा करायचाच आहे तर सगळाच करू." एकुमॅ शेरा कमी करून सगळ्यांची नावं लावायचा अर्जही ई-हक्कमध्येच आहे असं दिसतंय. सूची दोन ताई, व्यनि करते, कागद बघाल का?

आत्यांचा नंबर घेतलाय. आज संध्याकाळी बाबा स्वतः फोन करणार आहेत.